चिमटीतलं माप

विडी दोन बोटांत धरून हलकेच दाबली की ती कशी भरली आहे ते कळतं. नीट भरलेली विडी किंचित दबते आणि लगेच सावरते. सैल भरलेली जागच्या जागी चेपते. ठासून भरलेली काडीसारखी कडक लागते. विडी कारखान्याच्या शाखेवर बसून आलेला माल तपासायचा, चांगला ठेवायचा आणि वाईट बाजूला काढायचा, हे चेकरचं काम ज्याने वर्षानुवर्षं केलं, त्याच्या बोटांना हा फरक डोळे मिटूनही कळतो. मी ते काम केलं आहे. त्या टेबलाच्या या बाजूला बसून जे समजलं त्याचा विचार करत गेलो आणि एका निष्कर्षाला पोचलो. विडी वळण्याचं काम बिनकसबाचं आहे, ते कुणालाही जमतं, बायका घरबसल्या फावल्या वेळात ते करतात, असं सर्रास म्हटलं जातं. हे म्हणणं चुकीचं आहे, आणि त्याचा पुरावा शोधायला लांब जावं लागत नाही. या धंद्याच्या रोजच्या व्यवहारातच तो आहे. ज्या कामात दररोज माल तपासून त्यातला काही नाकारला जातो, त्या कामात चांगलं आणि वाईट असा भेद मालकानेच मान्य केलेला असतो. तो भेद ज्या हातातून निर्माण होतो, त्या हातात कसब आहे हे मग मान्य करावंच लागतं.

कसब नेमकं कुठे असतं हे कळायला काम टप्प्याटप्प्याने पाहायला हवं. सोलापूर, सिन्नर, संगमनेर, कामठी, गोंदिया, जिथे जिथे विडी वळली जाते तिथे कामाची चाल साधारण सारखी आहे. विणकाम आणि विडीकाम या दोन्हींवर जगलेल्या सोलापूरच्या पूर्वभागात हे काम करणाऱ्या बहुतेक बाया तेलुगूभाषक घरांतल्या आहेत. घरातला पुरुष यंत्रमागावर आणि बाई विडीवर, अशी कित्येक घरांची वाटणी. कारखान्याच्या शाखेवरून तिला पान, तंबाखू आणि दोरा मिळतो. पान टेंभुर्णीचं, म्हणजे तेंदूचं. गडचिरोली, गोंदियाकडच्या जंगलात ते ऐन उन्हाळ्यात तोडलं जातं, वाळवलं जातं आणि पुडके बांधून येतं. वाळलेलं पान तसंच वळायला घेतलं तर तडकतं, म्हणून ते भिजवावं लागतं आणि ओल्या फडक्यात किंवा गोणपाटात गुंडाळून मुरवावं लागतं. पाणी जास्त झालं तर पान काळं पडतं, कमी झालं तर कातर लावताच फाटतं. मग पत्र्याचा साचा पानावर ठेवून कातरीने तुकडे काढायचे. पान म्हणजे कागद नव्हे. एका पुडक्यातली दोन पानं सारखी नसतात. एकाची शीर जाड असते, एकाला कीड लागून भोक पडलेलं असतं, एक टोकाला वाळून ठिसूळ झालेलं असतं. अशा पानातून शीर आणि भोक चुकवून जास्तीत जास्त तुकडे कसे निघतील हे कातर चालता चालताच ठरवावं लागतं. शिंप्याने अपुऱ्या कापडात अंगरखा बसवावा, तसाच हा हिशोब आहे, आणि तो दर पानाला नव्याने करावा लागतो.

पान कापलं की खरं काम सुरू होतं, ते तंबाखू भरण्याचं. सूप मांडीवर, सुपात एका बाजूला पानाचे तुकडे, दुसऱ्या बाजूला तंबाखू. विडीची तंबाखू कुटून चाळलेली असते. तिच्यात जाडसर कण असतात आणि बारीक भुकटीही असते. निपाणी पट्ट्यातली तंबाखू वेगळी, गुजरातेत चरोतरातून येणारी वेगळी, आणि मिश्रण बदललं की चिमटीला लागणारा तिचा स्पर्शही बदलतो. डाव्या हाताच्या बोटांवर तुकडा धरायचा, उजव्या हाताच्या चिमटीने तंबाखू उचलून त्याच्या लांबीवर पसरायची, अंगठ्याने एक बाजू आत दाबत तुकडा गुंडाळायचा, टोक दुमडून तोंड बंद करायचं आणि दोरा बांधायचा. वाचायला सोपं वाटतं. यातली अवघड गोष्ट अशी की दाब एकसारखा पडला पाहिजे, पण तंबाखू एकसारखी नसते. भुकटी चिमटीतून आधी निसटते आणि तळाशी जमते. जाडे कण वर राहतात आणि त्यांच्यामध्ये पोकळी उरते. पावसाळ्यात तंबाखू ओल धरते, बोटाला चिकटते आणि वजनाला भारी होते. सोलापूरच्या उन्हाळ्यात ती कोरडी होऊन उडते. प्रत्येक ऋतूत चिमटीला आपलं माप नव्याने जुळवून घ्यावं लागतं आणि हे जुळवणं सांगून शिकवता येत नाही.

दाबाला इतकं महत्त्व का, याचं कारण पानात आहे. सिगारेटचा कागद हवा खेळू देणारा असतो; ती न ओढता ठेवली तरी जळत राहते. टेंभुर्णीचं पान घट्ट विणीचं, त्यातून हवा फारशी आत जात नाही आणि ते सहज जळतही नाही. विडी पेटती ठेवायची तर थोड्या थोड्या वेळाने झुरका घ्यावाच लागतो, आणि त्या झुरक्याची हवा जवळजवळ सगळी तंबाखूच्या कणांमधूनच जावी लागते. म्हणजे हवेची वाट कागद करून देत नाही, ती भरणाऱ्या बोटांना ठेवावी लागते. भरणं घट्ट झालं तर ओढ बसत नाही आणि विडी विझते. सैल झालं तर भराभर जळते, तोंडाला चटका बसतो आणि निखारा कपड्यावर पडतो. मध्येच एखादी पोकळी राहिली तर विडी तिथे पोचून अर्ध्यात विझते. ओढणारा मग दुसऱ्या छापाकडे वळतो, आणि मालकाला सगळ्यात जास्त भीती त्याचीच असते. एका विडीची चव तंबाखूच्या मिश्रणावर अवलंबून आहे हे खरं, पण ती शेवटपर्यंत जळेल की नाही हे सर्वस्वी वळणाऱ्या बाईच्या हातावर अवलंबून आहे.

आता या हाताला किती अचूक असावं लागतं त्याचा हिशोब करू. विडीत तंबाखू फार थोडी असते, पाव ग्रॅमच्या आतबाहेर. हजार विड्यांना दोनशे ग्रॅम तंबाखू मोजून दिली असं धरलं, तर एका विडीच्या वाट्याला ग्रॅमचा पाचवा हिस्सा येतो. समजा एखादीच्या चिमटीत प्रत्येक वेळी ग्रॅमचा पन्नासावा हिस्सा, म्हणजे वीस मिलिग्रॅम, जास्त आला. डोळ्यांना तो फरक दिसत नाही, घरातल्या कुठल्याही काट्याला तो कळत नाही. पण दोनशे ग्रॅम तंबाखू मग नऊशे नऊ विड्यांतच संपते. हजाराचा माल द्यायचा तर उरलेल्या एक्क्याण्णव विड्यांची तंबाखू तिने आणायची कुठून? पदरचे पैसे घालून बाजारातून. उलट चिमटीत तेवढाच हिस्सा कमी आला तर तंबाखू पुरते, उरतेही, पण विड्या सैल होतात आणि चेकरच्या बोटाखाली चेपतात. म्हणजे दोन्ही बाजूंना दंड आहे आणि मधली वाट वीस मिलिग्रॅमपेक्षाही अरुंद. वेळेचा हिशोबही करून पाहावा. हजार विड्या दहा तासांत करायच्या तर एका विडीला छत्तीस सेकंद मिळतात, आणि त्यातच पान कापणं, भरणं, वळणं, तोंड बंद करणं, दोरा बांधणं आणि पंचवीस पंचवीसचे कट्टे बांधणं आलं. सोनाराला अचूकतेसाठी काटा मिळतो, औषधाच्या दुकानात मापं मिळतात. इथे काटा चिमटीतच आहे, आणि तो दिवसाला हजार वेळा वापरला जातो.

हीच गोष्ट जगात दुसरीकडे कशी पाहिली जाते याची तुलना उद्बोधक आहे. युरोपात पाइप ओढणाऱ्यांमध्ये तंबाखू पाइपात भरणं ही एक कला मानली जाते. तीन थरांत भरावं, पहिला थर लहान मुलाच्या हाताने दाबल्यासारखा हलका, दुसरा स्त्रीच्या हाताचा, तिसरा पुरुषाच्या हाताचा, असा तिथला जुना संकेत आहे. बारीक कापलेली तंबाखू लवकर घट्ट बसते म्हणून ती हलक्या हाताने भरावी, जाड कापलेली जरा दाबून, अशा सूचना नवशिक्याला आवर्जून दिल्या जातात. जपानमध्ये एदो काळापासून किसेरू नावाचा लांब दांड्याचा आणि इवल्या वाटीचा पाइप ओढला जात असे. त्यासाठी तंबाखू केसासारखी बारीक कापत, आणि तिची वाटाण्याएवढी गोळी बोटांनी सैलसर वळून वाटीत बसवण्यालाही रीत होती. आपल्याकडे चिलीम भरणाऱ्याला खडा कुठे बसवायचा आणि ओली साफी किती घट्ट गुंडाळायची हे कळावं लागतं, आणि चिलीम चांगली भरणाऱ्या माणसाचं मंडळीत नाव असतं. या सगळ्या ठिकाणी मूळ प्रश्न एकच आहे, हवेला वाट ठेवून तंबाखू दाबायची कशी. पाइपवाला हा प्रश्न दिवसातून तीन-चार वेळा, निवांतपणे, स्वतःच्या सुखासाठी सोडवतो. त्याला आपण दर्दी म्हणतो. विडीवाली तोच प्रश्न हजार वेळा, घाईत, दुसऱ्याच्या सुखासाठी सोडवते. तिच्या कामाला आपण साधं काम म्हणतो. कामाचं नाव हात काय करतो त्यावरून पडलेलं नाही, हात कुणाचा आहे त्यावरून पडलेलं आहे.

आता छाटीकडे येतो. तपासताना नाकारलेल्या विडीला या धंद्यात छाट म्हणतात. कट्टा सोडून विड्या पसरायच्या, डोळ्यांनी लांबी आणि तोंड पाहायचं, बोटांनी दाब पाहायचा आणि पसंत नसेल ती बाजूला काढायची. विडी कामगारांच्या दृष्टीने छाट हा मोठा जाच राहिलेला आहे, कारण छाटलेल्या विडीची मजुरी बुडते आणि अनेक ठिकाणी ती विडी परतही मिळत नाही. छाटीचा गैरवापर होतो हे मी नाकारत नाही. पान खराब दिलं असेल तर त्याचा दोषही छाटीच्या रूपाने बाईच्या माथी मारला जातो. हा जाच इतका जुना आणि इतका सार्वत्रिक आहे की 1966च्या विडी आणि सिगार कामगार कायद्याला त्याची दखल घ्यावी लागली. मालकाने दिलेला कच्चा माल, नाकारलेल्या विड्या आणि त्यांची मजुरी यांबद्दलच्या तंट्यांचा झटपट निवाडा करण्याची तरतूद त्या कायद्यात केली गेली, आणि महाराष्ट्राच्या नियमांनी छाट साधारणपणे शेकडा पाचाच्या पुढे जाऊ नये अशी मर्यादा घातली. मालकांनी त्या कायद्याला आव्हान दिलं, आणि 1974 साली सर्वोच्च न्यायालयाने कायदा उचलून धरला. या साऱ्याकडे कामगारहिताचा इतिहास म्हणून पाहिलं जातं आणि ते योग्यच आहे. मला त्यात आणखी एक कबुली दिसते. शंभरांतल्या पंचाण्णव विड्या पसंत पडल्याच पाहिजेत, ही अपेक्षा नियमातच गृहीत आहे. घरात, पोरं सांभाळत, कमी उजेडात, असमान पानातून आणि असमान तंबाखूतून, यंत्राशिवाय काढलेल्या मालाकडून अशी अपेक्षा करणं म्हणजेच तो काढणारा हात तरबेज आहे असं धरून चालणं.

याविरुद्ध सगळ्यात वजनदार म्हणणं खुद्द सर्वोच्च न्यायालयाचंच आहे, म्हणून त्याला आधी उत्तर दिलं पाहिजे. 1985 साली न्यायालयापुढे प्रश्न होता की घरी विडी वळणारी बाई भविष्यनिर्वाह निधीच्या कायद्याखाली नोकर ठरते का. मालकांचं म्हणणं असं की आमची तिच्यावर देखरेख नाही, मग ती आमची नोकर कशी? न्यायालयाने ती नोकर आहे असं ठरवलं. माल नाकारण्याचा अधिकार मालकाकडे आहे आणि हा अधिकार हेच पुरेसं नियंत्रण आहे, हा त्या निकालाचा गाभा. विडी कामगारांसाठी तो निकाल फार मोठा आहे. पण त्याच निकालात असंही म्हटलं गेलं की विडी वळणं ही साधी क्रिया आहे, निरक्षर माणसंही ती नीट करतात, लहानथोर, बायापुरुष सारख्याच सहजतेने करतात आणि तिला वरच्या दर्जाचं कौशल्य लागत नाही. म्हणूनच काम चालू असताना देखरेखीची गरज नाही. न्यायालयाबद्दल पूर्ण आदर ठेवून मला वाटतं की इथे दोन गोष्टींची गल्लत झाली. काम चालू असताना पहारा लागत नाही, याचं कारण काम सोपं आहे हे असेल किंवा करणारा निष्णात आहे हेही असेल. अनुभवी सुतारामागे कुणी उभं राहत नाही, म्हणून सुतारकाम बिनकसबाचं ठरत नाही. आणि नाकारण्याचा अधिकार हे जर खरं नियंत्रण असेल, तर नाकारण्यासारखं काही त्या कामात घडू शकतं हेही आलंच. दोन्ही वाक्यं एकत्र ठेवली की दुसरं पहिल्याला धरून राहत नाही. निकालाचा हक्काचा भाग बरोबर आहे. त्यातलं कामाचं वर्णन अपुरं आहे.

दुसरा आक्षेप रोजच्या बोलण्यातला आहे. विडी तर पोरीसोरी शिकतात, आईच्या शेजारी बसून पाहता पाहता वळायला लागतात. मग त्यात शिकण्यासारखं आहे काय? लहानपणी शिकलेलं ते सोपं, ही समजूतच आधी तपासली पाहिजे. मातृभाषा माणूस लहानपणीच शिकतो, आणि मोठेपणी परकी भाषा शिकणाऱ्याला कळतं की ती किती अवघड गोष्ट होती. विडीचंही तसंच आहे. बाहेरून आलेली, लहानपणी न शिकलेली बाई हे काम सुरू करते तेव्हा तिच्या हातून हजार सोडा, तीनशे-चारशे चांगल्या विड्याही दिवसभरात निघत नाहीत. पान वाया जातं, छाट वाढते, आणि हाताला गती यायला महिने लागतात. मुली लवकर शिकतात, कारण घराला त्यांच्या हाताची गरज असते आणि शाळेचा वेळ त्यात खर्ची पडतो. 1986च्या बालमजुरी कायद्याने विडी वळण्याचं काम मुलांना मना केलं होतं, पण घरच्या माणसांसोबत केलेल्या कामाला सूटही ठेवली होती, आणि विडी तर घरातच वळली जात होती. मुलींच्या बालपणाच्या मोलावर कमावलेलं कसब आणि तेच पुढे करून त्याला सोपं म्हणणं, यात दुहेरी अन्याय आहे. शिक्षणाचा खर्च घराने सोसला, म्हणून त्या शिक्षणाची किंमत शून्य ठरत नाही.

तिसरा आक्षेप यंत्राचा. जे काम उद्या यंत्र करू शकेल त्याला कसब कशाला म्हणायचं? सिगारेट यंत्राने होते, अगरबत्तीही यंत्राने होऊ लागली. विडीसाठीही यंत्रं करून पाहिली गेली, तरीही भारतात विडी मुख्यतः हातानेच वळली जाते. यामागे एक कारण पानाचा असमानपणा आहे. यंत्राला एकाच जाडीची, एकाच ओलाव्याची वस्तू लागते. शीर चुकवणं, भोक टाळणं, ओल ओळखणं हे हाताला सहज जमतं, यंत्राला ते फार महाग पडतं. दुसरं कारणही प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. हात इतका स्वस्त मिळतो की यंत्रावर पैसा घालण्याची निकड वाटत नाही. माझ्या मते या दोन कारणांना जोडून पाहिल्याशिवाय हा धंदा समजत नाही. जे काम यंत्राला जमत नाही, ते करणारा हात महाग असायला हवा. इथे तो स्वस्त आहे. कसब दुर्मिळ असलं की त्याला किंमत येते. ते हजारो घरांत वाटलेलं असलं आणि त्या घरांना दुसरा पर्याय नसला, की किंमत पडते. पण किंमत पडली म्हणजे कसब नाहीसं झालं असं नव्हे. 1948च्या किमान वेतन कायद्याच्या पहिल्या यादीपासूनच विडीचा उद्योग त्यात होता. तरी इथली मजुरी हजारी दराने, नगावर मोजली जाते, आणि त्या दरात पान निवडणं, भिजवणं, कापणं यांचे तास दिसतच नाहीत.

चौथा आक्षेप सगळ्यात गंभीर आहे, आणि त्याला बगल देणं अप्रामाणिकपणाचं होईल. विडी माणसं मारते. ओढणाऱ्याला कर्करोग, हृदयविकार, श्वासाचे विकार होतात. झुरके जास्त आणि खोल घ्यावे लागत असल्यामुळे विडी सिगारेटपेक्षा सौम्य आहे ही समजूतही खोटी आहे. वळणारीलाही ती सोडत नाही. तंबाखूची भुकटी दिवसभर श्वासात जाते, खोकला आणि दमा लागतो, पाठ आणि मान धरते, डोळ्यांवर ताण येतो, आणि घर व कारखाना एकच असल्यामुळे पोरंबाळंही त्याच धुळीत झोपतात. अशा वस्तूच्या निर्मितीचं कौतुक कशासाठी? माझं उत्तर असं की मी वस्तूचं कौतुक करत नाही. विडी उद्या बंद झाली तर समाजाचं भलंच होईल, असंच मला वाटतं. पण वस्तू वाईट असण्याने ती करणाऱ्या हाताचं ज्ञान खोटं ठरत नाही, आणि ते ज्ञान मान्य न करता विडी बंद करू पाहणं अन्यायाचं आहेच, शिवाय ते साधणारही नाही. तंबाखू नियंत्रणाच्या जागतिक करारावर भारताने 2004 साली शिक्कामोर्तब केलं, आणि त्याच्या सतराव्या कलमात तंबाखूवर जगणाऱ्या कामगारांना परवडणारे पर्याय देण्याचा मुद्दा आहे. पर्याय द्यायचा तर माणसाला आधी काय येतं हे विचारावं लागतं. विडी कामगार बाईला काही येत नाही असं गृहीत धरून तिला शून्यापासून कुठल्याही कामाला बसवलं, तर तिची आजवरची गती वाया जाते, पहिल्या दिवसापासून कमाई निम्म्यावर येते आणि ती परत सुपाकडे वळते. तिला असमान कच्चा माल पारखता येतो, स्पर्शाने वजन ओळखता येतं, तासन्‌तास तीच गोष्ट त्याच दर्जाची करता येते, मोजणी आणि हिशोब तोंडी करता येतो. ज्या उद्योगांना असे हात हवे आहेत ते शोधून तिथे तिला कुशल कामगार म्हणून नेणं हा पर्याय झाला. कसब नाकारणारा विडीविरोध तिला फक्त बेकार करतो.

शेवटी कुणी असं विचारेल की नावात काय आहे. कुशल म्हटलं काय किंवा अकुशल म्हटलं काय, पोट भरायचं ते भरतंच. या कामगारांचा इतिहास याला उत्तर देतो. दर वेळी विडी वळणाऱ्या बाईबद्दलचा एक शब्द बदलला आणि दर वेळी तिच्या हाती काही ठोस आलं. 1966 साली घरी काम करणारी बाईसुद्धा कामगार आहे असं कायद्याने म्हटलं आणि छाटीविरुद्ध दाद मागण्याची जागा मिळाली. 1976 साली विडीवर उपकर लावून कल्याण निधीचे कायदे झाले आणि दवाखाने, मुलांच्या शिष्यवृत्त्या, घरासाठी मदत सुरू झाली. 1985 साली ती नोकर ठरली आणि भविष्यनिर्वाह निधीचं दार उघडलं. विडी कामगार म्हणून ओळख नोंदलेली असल्यामुळेच सोलापूरजवळ कुंभारी इथे, कामगार संघटनेच्या दीर्घ लढ्यानंतर, गोदूताई परुळेकर यांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत उभी राहू शकली. 2006 साली तिथली घरं पंतप्रधानांच्या हस्ते कामगार बायांच्या हाती आली. शब्द काढून घेतला की उलटही घडतं. 2017 साली वस्तू आणि सेवा कर आला, त्याबरोबर विडीवरचा उपकर गेला, आणि केवळ या कामगारांसाठी राखलेला पैशाचा झरा आटला. ज्या 1966च्या कायद्यात या बाया नावानिशी होत्या, तोही 2020च्या श्रमसंहितेत विलीन करण्यात आला. कामगार आणि नोकर हे दोन शब्द तिने मिळवले. कुशल हा तिसरा शब्द अजून बाकी आहे, आणि हजारी दर ठरवताना व पर्यायी रोजगार आखताना नेमका तोच लागणार आहे.

हा शब्द तिला का नाकारला जातो याचा विचार करताना मी पुनःपुन्हा चेकरच्या टेबलाशी येतो. विडी बरोबर भरली आहे की नाही हे बोटांनी दाबून सांगणं हे कसब मानलं जातं. त्यासाठी माणूस नेमला जातो, त्याला महिन्याचा पगार मिळतो, त्याचा शब्द शेवटचा धरला जातो. पण विडी बरोबर भरली आहे हे माझ्या बोटांना कळण्याआधी तिच्या बोटांना कळलेलं असतं, नाहीतर ती तशी भरली गेलीच नसती. मी जे ओळखत होतो ते तिने घडवलेलं होतं. ओळखणाऱ्याची बोटं कुशल आणि घडवणारीची अकुशल, या वाटणीला कामातून कुठलाच आधार सापडत नाही. त्या कामाने कित्येकींची बोटं इतकी झिजतात की ठसा घेणाऱ्या यंत्राला त्यांच्या रेषा सापडत नाहीत आणि रेशनच्या दुकानात त्यांना पुन्हा पुन्हा बोट टेकवावं लागतं. तीच बोटं घरी जाऊन सुपाशी बसतात आणि ग्रॅमचा पन्नासावा हिस्सा चुकू देत नाहीत. या बायांच्या ओळखपत्रावर, मजुरीच्या पत्रकात आणि पुनर्वसनाच्या आराखड्यात कुशल हा शब्द लिहिला जावा, एवढंच मागणं आहे. ज्याने रोज त्यांची छाट काढली त्यानेच ते मागावं, हे मला योग्य वाटतं.